पहिल्याच प्रकरणात मेलेली आई

प्रिया तांडेल वारली, ही बातमी प्रियाला वेणूबाईंकडून कळली.

रविवारची सकाळ होती आणि प्रिया बोंबील तळत होती. बेल वाजली तशी ती उलथनं हातात घेऊनच दाराशी गेली. दारात वेणूबाई. नात्यानं तिच्या नवऱ्याची, धर्मराजची चुलती. अंगावर पांढरं लुगडं, एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचेच जेवण पोचवतात, ही करावे गावची रीत प्रियाला ठाऊक होती. पण आपल्या घरात गेलं कोण, ते तिला कळेना. धर्मराज भाडेकरूच्या खोलीतला गळका नळ बघायला गेला होता आणि पोरगी मैत्रिणीकडे.

"कोण गेलं, काकी?"

रडण्यासाठी उघडलेलं वेणूबाईंचं तोंड तसंच राहिलं. "अगो बाय, तू हाय?"

"मी असणारच की. माझं घर आहे."

"मंग नाक्यावं कोन हाय?"

आत येऊन, बसून, तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर वेणूबाईंनी सांगितलं ते असं: गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला आहे. त्यावर प्रियाचा चेहरा. डोळे मिटलेले, भोवती पांढरी फुलं, आणि सगळं काळं-पांढरं. बाजाराला निघालेल्या वेणूबाई तिथूनच माघारी फिरल्या, मासळी राहिली बाजूला, घरी येऊन पिठलं घातलं. "आनी हितं बोंबलाचा वास. मना वाटला, या घरानं लाज सोरली." त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा तक्रारच जास्त होती.

तोवर जिन्यात आणखी बायका जमल्या होत्या. खालच्या मजल्यावरची नमिता नाक ओढत कुणाला तरी सांगत होती, "लय देवमानूस होती बिचारी. कंदी कोनाला उलट बोल्ली नाय." याच नमिताशी प्रिया मागच्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीवरून अशी भांडली होती की, समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत आले होते. चांगलं तासभर भांडली होती, आणि जिंकली होती. आपण मेलो म्हणून आपलं भांडणही गेलं, आपला विजयही गेला, हे प्रियाला मुळीच पटलं नाही.

"मी बोलले होते उलट," तिनं दारातून सांगितलं. "मोटारीचं अजून मिटलेलं नाही, नमिता."

नमितानं किंकाळी फोडली. ती भुताला पाहून की मोटारीच्या आठवणीनं, ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात धर्मराजचा फोन. तो भलताच गोंधळलेला होता. सकाळपासून गाववाले फोन करून 'धर्मा, धीर धर, सगळ्यांवर येतं' म्हणत होते आणि त्याला वाटत होतं, नळाचं लोकांना इतक्या लवकर कसं कळलं. "तू बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

"मी मेले," प्रिया म्हणाली. "नाक्यावर बघून येते."

तिनं गॅस बंद केला आणि गाऊनवर ओढणी टाकून तरातरा निघाली. वाटेत दोघंतिघं तिला पाहून रस्त्याच्या कडेला झाले.

नाक्यावर फ्लेक्स होता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल आणि सोन्याची साखळी घातलेले दादा-भाऊ असतात, लाल-पिवळा रंग ओतलेला असतो. काळा-पांढरा फ्लेक्स या गावात एकाच कारणासाठी लागतो, आणि तो लांबून दिसला की माणूस आधी चप्पल काढून हात जोडतो, नाव नंतर विचारतो. आपल्याकडे फ्लेक्स वाचत कोणीच नाही, रंग बघतात. प्रियानं मात्र वाचला. तिच्या मिटल्या डोळ्यांखाली, फुलांखाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सीवूड्स येथील मांगा चित्रकथा स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवड झाल्याबद्दल कु. अबोली धर्मराज तांडेल हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: दिपेश काका.'

चित्र होतं ते. हातानं काढलेलं. नाक तिचं, हनुवटीवरचा तीळ तिचा, पुतण्याच्या हळदीत काढलेल्या फोटोवरून उतरवलेलं हसूही तिचंच. केस तेवढे तिचे नव्हते. प्रिया कित्येक वर्षं केस मानेपर्यंत कापून ठेवते. चित्रातल्या बाईची एक सैलसर वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली होती.

ती वेणी पाहिली आणि प्रियाच्या डोक्यात जी तिडीक गेली ती फ्लेक्समुळे नव्हती. त्या वेणीचा अर्थ काय, ते करावे गावात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरी तिची पोरगी.

अबोली पाचवीत असल्यापासून मायलेकी मिळून ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघत आल्या होत्या. सुरुवातीला प्रिया पोरगी काय बघते यावर नजर ठेवायला बसायची, मग दाताच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरून घरी आल्यावर तीच विचारायला लागली, "पुढचा भाग आला का?" पुढे मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, पुस्तकंही आली. ती शेवटाकडून सुरू होतात, उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हे प्रियाला पोरीनं शिकवलं. आणि प्रिया जे बघायची त्याला सोडायची नाही. मरायला टेकलेला दुष्ट माणूस आपलं अख्खं बालपण सांगत बसतो आणि तोवर हिरो तलवार उगारून तसाच उभा, हे कशाला. शाळेतली पोरं जग वाचवतात आणि त्यांचे आईबाप सोसायटीच्या मिटिंगला गेल्यासारखे कुठेच नाहीत, हे कसं चालतं. कुठलीही मुलगी कितीही शूर असली तरी तिला एकदा तरी गरम पाण्याच्या कुंडात बसवल्याशिवाय या लोकांना चैन का पडत नाही. अबोली हसून लोळायची आणि मग म्हणायची, "पण मम्मी, बरोबर आहे तुझं."

वेणीचा शोध दोघींनी मिळून लावला होता. आई दिसली आणि तिची सैल वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली असली की समजायचं, ही बाई गेली. ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवणार, मंद हसणार, सूप वाढणार आणि जाहिरातीआधी मरणार. मग पोरगं तिच्या थडग्यासमोर मूठ आवळून निघणार. सोफ्यावर बसून दोघी ओरडायच्या, "वेणी आली."

सगळ्यात जास्त संतापल्या होत्या त्या एका खानावळीच्या गोष्टीवर. मूळ मांगामध्ये समुद्रकाठी खानावळ चालवणारी बाई होती. आळशी, तोंडाची फटकळ, पत्ते खेळताना फसवणारी. ती अख्खं पहिलं पुस्तक जगते, गिऱ्हाइकांशी भांडते, एका म्हाताऱ्या कोळ्यावर तिचा जीवही असतो, आणि मग एका वादळात जाते. ते पान दोघींनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. त्याचं ॲनिमे आलं. त्यात शीर्षकगीताच्या आधीच बाई खलास. पत्ते नाहीत, कोळी नाही, भांडणं नाहीत. वेणी, सूप, मरण. त्या दिवशी अबोलीनं टीव्ही बंद केला होता आणि म्हणाली होती, "मी काढेन ना कधी, तेव्हा असलं काही करणार नाही."

आणि आता हे.

तिच्या दिराचं, दिपेशचं, प्रिंटिंगचं दुकान नाक्यालाच होतं. प्रिया आत शिरली तेव्हा तो कौतुकाच्या अपेक्षेनं उठून उभा राहिला. "वहिनी, पाहिला का? साइज मोठी घेतली मी. अबोलीला मेसेज केला, तुझ्या मांगामधलं भारी चित्र टाक. तिनं हेच टाकलं."

"भावजी, लोक माझ्या दहाव्याची तारीख विचारतायत."

दिपेशनं बाहेर वाकून आपल्याच फ्लेक्सकडे पाहिलं. गेली पंधरा वर्षं गावाचे सगळे वाढदिवस आणि सगळी मरणं त्यानंच छापली होती. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "कलर टाकायला पाहिजे होता," तो पुटपुटला. "मांगा ब्लॅक-व्हाइट असतं, अबोली बोलली. मी बोललो, ओरिजिनल ठेवू."

"उतरवा तो."

"उतरवतो. किंवा असं करू का, वर लाल पट्टीत 'हार्दिक' मोठं टाकू?"

प्रियानं त्याच्याकडे असं पाहिलं की, तो शिडी आणायला गेला. टेबलावर अबोलीच्या मांगाच्या छापून ठेवलेल्या प्रती पडल्या होत्या. 'खाडीपल्याड'. पुरं होईपर्यंत बघायचं नाही, असं पोरीनं बजावलं होतं आणि प्रियानं ते इमानानं पाळलं होतं. आता तिनं स्टूल ओढलं आणि एक प्रत उचलली. पान उलटताना चिडल्या चिडल्यासुद्धा ती ओरडली, "आणि हे उलटं बांधलंय. मांगा या बाजूनं उघडतात." शिडीवरून दिपेश म्हणाला, "वहिनी, लग्नपत्रिकेची सवय."

गोष्ट चांगली होती. हाच तर वैताग होता. खाडीचा चिखल इतका खरा काढला होता की, पायाला लागेल. खारफुटीत राहणारी सागरी नावाची मुलगी, तिला चिखलाच्या पोटातले आवाज ऐकू येतात, आणि खाडीचं पाणी कोण गिळतंय ते शोधायला ती निघते. काळसर्जा नावाचा राक्षस तर असा जमला होता की, प्रिया दोन पानं त्याच्यासाठी मागे गेली. पण ती निघते कधी? आई मेल्यावर. तिसऱ्या पानावर आई हसते, वेणी खांद्यावरून पुढे येते, ती म्हणते, 'जा पोरी, भरती तुझी वाट बघतेय', आणि फुलांत डोळे मिटते. त्यानंतर पुढे ती फक्त आभाळात दिसते. ढगांतून मान हलवते.

प्रियानं पुस्तक मिटलं. तिला रडू येत नव्हतं. एवढी चीड आलेली असताना रडायला जागा कुठली.

अबोली दुपारी घरी आली ती थेट आईच्या समोरच. बाहेर तिला निम्म्या गावानं अडवून 'मम्मी कशी गेली गं' विचारलं होतं, त्यामुळे काय झालंय ते तिला कळलेलं होतं. जेवणाच्या टेबलावर मध्ये ती प्रत होती आणि बाजूला वेणूबाईंचं पिठलं, कारण ते परत न्यायला त्यांनी साफ नकार दिला होता.

"सॉरी," अबोली म्हणाली. "फ्लेक्सचं मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, काका स्टेटसला टाकतील."

"फ्लेक्सचं मरू दे. मला तिसऱ्या पानावर का मारलंस?"

"ती तू नाहीस, मम्मी. रेफरन्स आहे. चेहरा बदलते मी, चालेल?"

"म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आई मार."

अबोलीनं खुर्ची ओढली. ती एकोणीस वर्षांची होती, आपल्या कामाबद्दल बोलताना तिचा आवाज मोठ्या माणसासारखा व्हायचा. "ऐक ना. कथेची गरज आहे ती. आई असली तर सागरी खाडी सोडून जाईलच कशी? जिवंत आई जाऊ देईल का? आणि गेली तरी ती दर दोन पानांनी फोन करणार. जेवलीस का. पोचलीस का. कोणाबरोबर आहेस. राक्षस समोर उभा आणि इकडे आईचा फोन. ॲक्शनच थांबते."

हे प्रियाला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. "मग थांबू दे," ती म्हणाली. "राक्षसाला थांबव दोन मिनिटं. मरताना बालपण सांगायला त्याला वेळ असतो, माझा फोन घ्यायला नसतो?"

"मम्मी, आपण मस्करीत बोलायचो ते वेगळं."

"मी मस्करीत बोलत नव्हते," प्रिया म्हणाली. "इतकी वर्षं तुला ती मस्करी वाटत होती?"

अबोलीनं फोन काढून परीक्षकांचा मेल दाखवला. आईच्या मृत्यूचं पान हे संपूर्ण कथेतलं सर्वांत सुंदर पान आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढच्या रविवारी सीवूड्सच्या मॉलमध्ये स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर तेच पान दाखवणार होते. त्या पानावर तिची निवड झाली होती. ते काढलं तर उरलेल्या चाळीसजणांत ती कुठे बसेल, सांगता येत नव्हतं. आणि जिंकली तर पुस्तक निघणार होतं, खरंखुरं, दुकानात मिळणारं. शाळेत असल्यापासून दुसरं काही तिनं मागितलं नव्हतं, हे प्रियाइतकं कुणाला माहीत होतं?

"सुंदर," प्रियानं तो शब्द चावून म्हटला. "दिसणारच. मेलेली बाई मध्ये बोलत नाही ना. सकाळी जिन्यात बायका माझं किती छान बोलत होत्या. मी देवमाणूस होते. मी कुणाशी भांडले नव्हते. तासभर मेले तर मला कुणी ओळखेना. तुझी ही बाईसुद्धा तशीच. मला एक सांग, मांगावाले पात्राचा ब्लड ग्रुपसुद्धा ठरवतात ना, तर तुझा तो काळसर्जा, त्याचा ब्लड ग्रुप काय?"

"एबी निगेटिव्ह," अबोली पटकन म्हणाली.

"खायला काय आवडतं?"

"सुक्या जवळ्याची चटणी. त्याच्या आजीच्या हातची. म्हणून तर तो खाडी..."

"कशाला घाबरतो?"

"ओहोटीला."

"आणि या आईचं नाव काय?"

अबोलीनं तोंड उघडलं. पुस्तकाकडे पाहिलं, जसं काही तिथे लिहिलेलं असेल. "आई," ती म्हणाली.

"खायला काय आवडतं तिला?"

शेजारच्या खोलीत धर्मराज झोपल्याचं सोंग करून ऐकत होता, त्याची खाट करकरली.

"राक्षसाची आजीपर्यंतची माहिती आहे तुला. त्याला तू माणूस केलंस. आणि जिच्यापासून गोष्ट सुरू होते ती नुसती सूप वाढणारी. मरायला आलेली. त्या खानावळीवालीचं त्यांनी केलं तेव्हा तू टीव्ही बंद केला होतास, अबोली. तेच तू माझ्या तोंडावर केलंस."

"तू नाहीस ती," अबोली म्हणाली, पण आवाज बसला होता. मग तिनंही चिडून म्हटलं, "आणि सुरुवातीला काहीतरी तुटायलाच लागतं, मम्मी. आई गेल्यावर माणूस निघतो. तसंच असतं ते."

"कुणी सांगितलं तुला?" प्रिया उठून उभी राहिली. "माझी आय गेली तेव्हा मी सातवीत होते. करंजाड्याला, माहेरी. तेव्हा तिथे शेतंच होती. मी कुठे निघाले गं? कुठल्या प्रवासाला? दोन भाऊ लहान, बाप शेतावर, आणि घरात भाकरी करणारं कुणी नाही. मी चुलीपुढे बसले. थापताच यायची नाही, कडा फाटायच्या. बाप एक अक्षर न बोलता ती जाड, कच्ची भाकरी खायचा, ते मला मारण्यापेक्षा जास्त लागायचं. शाळा सुटली. पुढे मामा भांडला म्हणून तीन वर्षांनी परत बसवलं, वर्गातली सगळी माझ्याहून लहान. आई मेली की पोरगी निघत नाही, अबोली. आई मेली की पोरगी अडकते. आणि ते आभाळातलं तोंड. मी बघितलं नसेल असं वाटतं तुला? रोज बघत होते. काही नव्हतं तिथे."

हे तिनं कधी असं एका दमात सांगितलं नव्हतं. आजी लवकर गेली, एवढंच अबोलीला माहीत होतं. लवकर म्हणजे काय, ते तिनं कधी विचारलं नव्हतं आणि प्रियानंही कधी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात सकाळचे बोंबील निम्मे कच्चेच कढईत पडून होते.

"आजीचं नाव पुतळा ना?" अबोलीनं हळूच विचारलं.

"पुतळा."

"तिला काय आवडायचं?"

तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, प्रियाला ते दिसत होतं. म्हणून तिनं उत्तर द्यायला सुरुवात केली. "ती वालाच्या शेंगा घेऊन पनवेलच्या बाजारात जायची. उन्हाळ्यात मिरच्या कुटायची. माझी वेणी इतकी घट्ट घालायची की, डोळे ताणायचे."

"ती कामं झाली. आवडायचं काय?"

प्रिया आठवू लागली. आईचे हात आठवले, बांगड्यांचा आवाज आठवला, घामाचा आणि ओल्या गवताचा वास आठवला. ती बसलेली कधी आठवेना. ती एकटी असताना काय करायची? गाणं म्हणायची का? गोड खायची की तिखट? तिला कुठे जायचं होतं? सगळीकडे हात घातला तरी हाताला काही लागेना, आणि जसजसं लागेना तसतसा तिचा राग वाढत गेला. तो आता पोरीवर नव्हता, पण समोर पोरगीच होती.

"मला काय माहीत," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "त्या वयात कोण आईला विचारतं, तुला काय आवडतं म्हणून? आई असते. ती कुठे जाणार आहे, असं वाटतं. मोठी झाले असते तर विचारलं असतं. सासरहून माहेरी गेले असते तेव्हा विचारलं असतं. त्यासाठी ती राहायला नको होती का? म्हणून सांगते, मारू नकोस तिला. तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही."

अबोलीनं बॅगेतून टॅबलेट काढला, तिसरं पान उघडलं आणि फुलांतल्या त्या चेहऱ्याकडे बघत बसली. परीक्षकांना आवडलेलं पान. मोठ्या पडद्यावर येणारं पान. तिनं ते आधी नुसतं बाजूला सरकवलं. मग डोळे मिटून घेतले आणि खोडून टाकलं. तिला ठाऊक होतं आपण काय घालवतोय. प्रियालाही ठाऊक होतं. आणि आपण सांगितलं म्हणून पोरीनं खोडलं, याचा तिला आनंद होईना.

"आता सागरी घरातून निघणार कशी, ते मला खरंच माहीत नाही," अबोली म्हणाली. तिनं कोरं पान उघडलं, त्यावर मानेपर्यंत कापलेल्या केसांचं एक डोकं काढलं, आणि पेन्सिल थांबवून वर पाहिलं. "तू सांग. तुला काय आवडतं? मी, पप्पा, घर, हे सगळं सोडून."

"आत्ता आठवलं होय."

"हो. आत्ता आठवलं. सांग."

प्रिया परत खुर्चीवर बसली. तिला वाटलं होतं, उत्तर जिभेवर असेल. ते नव्हतं. तिनं वेणूबाईंची एक भाकरी ओढून तुकडा मोडला, चावला, आणि शेजारच्या खोलीकडे नजर टाकून आवाज बारीक केला.

"गाडी पळवायला," ती म्हणाली.

"कुठली गाडी?"

"माझी स्कूटी. तुम्ही दोघं घरातून गेलात ना, की मी दवाखान्यात सरळ जात नाही. पाम बीच रोडला घेते. तिथे पहाटेचे सायकलवाले गेलेले असतात. सिग्नल सुटला की ॲक्सिलरेटर पूर्ण पिळते. एका बाजूला खाडी असते, फ्लेमिंगो बसलेले असले तर मी बघतही नाही. एकटी ओरडते हेल्मेटमध्ये. शिव्यासुद्धा देते, आय आठवली की जास्त." तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. "पप्पांना सांगू नकोस."

अबोलीची पेन्सिल चालायची थांबली होती. ती आईकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, हसू नव्हतं, सरळ भीती होती.

"किती स्पीडनं?"

"ऐंशी. कधी कधी जास्त."

"मम्मी. तू एकटी असतेस? पोचल्यावर कुणाला कळवतेस का? फोन तरी चालू असतो का तुझा?"

"अबोली, ॲक्शन थांबली."

"थांबू दे," अबोली रडवेली होऊन म्हणाली. "हेल्मेटचा पट्टा तरी लावतेस ना?"

"लावते," प्रिया म्हणाली. "मला नाही मरायचं."